चौथ्या घरासमोरचा खड्डा

ओळंबाकाका रस्त्यात उभे राहून एक डोळा मिटतात, तेव्हा नवख्या माणसाला वाटतं, हे आपल्याला डोळा मारताहेत. तसं काही नसतं. ते त्या माणसाच्या मागची भिंत बघत असतात. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, की डोळ्याला तशी सवय लागते. दोरीला लोखंडी वजन टांगून भिंत सरळ आहे की नाही हे बघायचं जे साधन, तो ओळंबा. आणि तो खिशात नसेल असा त्यांचा एक दिवस गेला नाही, म्हणून हे नाव. मी त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी, तरी मीही त्यांना काकाच म्हणते. पहिल्यांदा माझ्याकडे चहाला आले, तेव्हा कप हातात घ्यायच्या आधी म्हणाले, "ताई, तुमच्या दाराची चौकट बोटभर झुकली आहे." मी म्हटलं, अहो, आता मीच झुकले आहे. तर म्हणाले, "तुमचं चालतंय. दाराला कुलूप लावायचं असतं."

आमच्या गल्लीत एका बाजूला सात घरं आणि दुसऱ्या बाजूला गोदामाची लांबलचक आंधळी भिंत. मोठ्या रस्त्यावरून आत वळलं, की पहिलं घर निवृत्त पोस्टमास्तरांचं, दुसरं माझं, आणि अगदी शेवटचं, जिथे गल्ली संपते, ते ओळंबाकाकांचं. ज्याने ही जमीन तुकडे करून विकली, त्याने कागदावर एक गंमत करून ठेवली. ज्याच्या घरासमोर रस्त्याचा जेवढा तुकडा, तेवढा त्याच्या मालकीचा. झालं. तेव्हापासून आमचा रस्ता म्हणजे एकाच नाटकात सात दिग्दर्शक. पोस्टमास्तरांच्या पुढे लाल फरशा, माझ्यापुढे डांबर, तिसऱ्यांपुढे नुसती खडी, आणि चौथ्या घरासमोर खड्डा.

नगरपालिकेत आम्ही दोनदा गेलो. खिडकीतला कारकून फार सज्जन. त्याने कागद उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, रस्ता खाजगी आहे, आम्ही त्याला हात लावू शकत नाही. सातही मालकांनी सह्या करून रस्ता आमच्या स्वाधीन करा, मग आमचा. पण मग नियमाप्रमाणे रुंदी लागेल, म्हणजे प्रत्येकाच्या अंगणातला हातभर पट्टा जाईल. परत येताना रिक्षात जो तो मनात आपलं अंगण मोजत होता. हातभर अंगण म्हणजे कुणाचा लेकरासारखा वाढवलेला वेल, कुणाचा पाण्याचा नळ, कुणाची मोटार. घरी येईपर्यंत सगळ्यांनी मनातल्या मनात कानांवर हात ठेवले होते.

पोस्टमास्तरांचं म्हणणं तर सरळच होतं. त्यांचं घर पहिलं. फाटकातून निघाले, की मोठा रस्ता. "माझ्या फाटकापुढे रस्ता आहे की नदी आहे, मला काय करायचंय?" असं ते म्हणत, आणि नियमाला धरून ते खरंही होतं. याच नियमाने उलटं पाहिलं, तर ओळंबाकाकांच्या तुकड्यावरून त्यांच्याशिवाय कुणीच जात नव्हतं, आणि त्यांना मात्र सहाही जणांचे तुकडे रोज लागत होते. आपला तुकडा त्यांनी असा घोटून ठेवला होता, की त्यावर गोटी ठेवली तर ती विचारात पडेल, कुठे जाऊ.

मी जन्मभर नाटकात कामं केली. रंगभूमीवर आमचा एक नियम होता. फळीचा खिळा वर आलेला दिसला, की तो खिळा ज्याला आधी दिसला त्याचा. मग तो नायक असो की पाणी देणारा. त्याने तो तिथल्या तिथे ठोकायचा, नाहीतर रात्री कुणाचा तरी पाय फाटणार. हा नियम मी काकांना एकदा सांगितला, तर ते म्हणाले, "बरोबर आहे. पण तुमच्याकडे फळी कुणाच्या नावावर होती यावरून भांडण नव्हतं."

भांडण होतं ते चौथ्या घरात. दोन भाऊ, थोरला खाली, धाकटा वर, आणि घर कुणाचं यावरून दोघांची कोर्टात केस. बोलणं बंद. सहा वर्षांपूर्वी काकांनी तो खड्डा पहिल्यांदा भरला तेव्हा तो जेमतेम परातीएवढा होता. एका रविवारी दुपारी त्यांनी एकट्याने खडी, वाळू, सिमेंट कालवलं, ओतलं, थापीने साफ केलं, चारी बाजूंना विटा मांडल्या आणि सगळ्यांना बजावलं, सात दिवस यावर पाय नको. सोमवारी सकाळी नऊपर्यंत त्यावरून दूधवाला गेला, दोन्ही भावांच्या दोन स्कूटर गेल्या आणि मी गेले. माझा सत्कार होता हो. नवी चप्पल घातली होती, मान वर होती. सत्काराला निघालेल्या बाईला खाली बघायचं कुठे सुचतं? तळव्याखाली काहीतरी मऊ लागलं, तेव्हा वाटलं, वा, काय छान रस्ता झालाय.

स्कूटरच्या चाकांच्या दोन चऱ्या आणि माझी चप्पल तशीच घट्ट झाली. चऱ्यांत पाणी साचलं, चिरा पडल्या, तुकडे निघाले, आणि वर्षभरात खड्डा परातीचा हौद झाला. त्यात थोरल्या भावाने त्या नव्या सिमेंटचा फोटो काढून कोर्टात दिला, की बघा, रस्ता मी राखतो, म्हणून घर माझं. धाकट्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने गल्लीत जाहीर केलं, की यापुढे आमच्या तुकड्याला कुणी हात लावायचा नाही. काकांनी थापी धुऊन ठेवून दिली. मला ते कधी एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग काकू पडल्या. ओळंबाकाकांची बायको म्हणजे बुटकी, तोंडाने तिखट, पायाने भिंगरी. न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन झालं, घरी आल्या, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तीन महिने आठवड्यातून तीनदा दवाखान्यात व्यायामाला आणा. आणलंत तर चालतील, नाही आणलंत तर खुर्चीतच राहतील. दवाखान्याची गाडी यायची. पहिल्याच दिवशी तिचं पोट आमच्या हौदाच्या काठावर घासलं. ड्रायव्हर म्हणाला, आजोबा, मी तिसऱ्या घरापर्यंत येईन, पुढे नाही. तेव्हापासून काका चाकांची खुर्ची सातव्या घरापासून ढकलत आणायचे, खड्ड्याशी ती उलटी फिरवायचे आणि मागच्या दोन चाकांवर तोलून, कडेकडेने, भिंतीला खांदा घासत पार करायचे. काकू डोळे मिटून घ्यायच्या, पण तोंड चालू.

"आख्ख्या गावाच्या भिंती सरळ केल्या तुम्ही," मी त्यांना म्हणताना ऐकलंय, "आणि बायको मात्र तिरपी नेताय."

चौथ्या आठवड्यात एका सकाळी चाक काठावरून निसटलं. काकांनी खुर्ची सोडली नाही. ते स्वतः गुडघ्यावर आले आणि खुर्ची छातीवर झेलली. मी व्हरांड्यातून धावले, म्हणजे माझ्या वयात धावतात तशी. काकूंना खरचटलंसुद्धा नव्हतं. पण त्या एकदम गप्प झाल्या होत्या, आणि काकूंना गप्प मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग हळूच म्हणाल्या, "घरी चला. मी आता येणार नाही. मी चालले नाही तर चालेल, पण तुम्ही मोडलात तर मला कोण ढकलणार?"

गाडी तिसऱ्या घराशी पाच मिनिटं उभी राहिली आणि रिकामी गेली.

त्याच संध्याकाळी मी सगळ्यांना माझ्याकडे बोलावलं. सांगायला लाज वाटते, पण मी भाषण केलं. उभी राहून. आवाज छातीतून काढून. माणुसकी, शेजार, आयुष्याची संध्याकाळ, काय काय म्हटलं. तिसऱ्या घरातल्या सूनबाईंच्या डोळ्यांत पाणीही आलं. भाषण संपलं, चहा संपला, आणि पोस्टमास्तर म्हणाले, फार सुंदर बोललात, पण मूळ प्रश्न मालकीचा आहे. दोघा भावांपैकी एक खिडकीकडे तोंड करून बसला होता आणि दुसरा दाराकडे. ओळंबाकाका कोपऱ्यात बसून माझ्या चौकटीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना चौथ्या घराच्या फाटकाशी पाहिलं. त्यांनी खालची बेल वाजवली आणि लगेच वरचीही. पडदा वर जाताना दिसला, की नाटकवाल्याचे पाय आपोआप वळतात. मी जाऊन उभी राहिले. थोरला दारात आला, धाकटा वरच्या गच्चीत. एकमेकांशी बोलायचं नव्हतं, म्हणून दोघंही काकांमार्फत बोलू लागले.

"काका, मागच्या वेळी फोटो कुणी काढला, ते विचारा त्याला," वरचा म्हणाला.

"त्याला सांगा, फोटो काढायला आधी खाली बघावं लागतं," खालचा म्हणाला.

काकांनी दोघांचं होऊ दिलं. मग म्हणाले, "मी विचारायला आलोच नाही. सोमवारी काम सुरू करतोय. तुम्ही दोघंही माझ्यावर केस करा. माझ्याविरुद्ध तरी एका बाजूला उभे राहाल."

थोरला आपल्या चपलेकडे बघत राहिला. धाकटा गच्चीच्या कठड्यावरून खाली वाकला. मग धाकट्याने विचारलं, "स्कूटर किती दिवस बाहेर ठेवायची?"

"सात. आणि पाऊलसुद्धा नाही." आणि मग माझ्याकडे वळून, पण माझं नाव न घेता, काका म्हणाले, "ओतायला मी एकटा पुरतो. पक्कं व्हायला मात्र सगळे लागतात."

एवढंच. माझ्या तासाभराच्या भाषणात हे वाक्य नव्हतं.

काकूंचा व्यायाम बुडायला नको, म्हणून त्यांनी खड्डा दोन हप्त्यांत भरायचं ठरवलं. आधी घराकडचा अर्धा. भिंतीकडच्या अर्ध्यात खडी ठासून वर जाड फळ्या टाकल्या, खुर्चीपुरत्या. काकू म्हणाल्या, आधी मी बघीन, मग ठरवीन. खुर्चीत बसून त्यांनी सगळं काम बघितलं आणि सूचना केल्या. काका मिटल्या डोळ्याने आणि बंद तोंडाने काम करत राहिले. बुधवारी गाडी आली, तेव्हा काकू फळीकडे बघून म्हणाल्या, ही तरी सरळ आहे ना? काकांनी खिशातून पातळी बघायची पाणसळ काढून फळीवर ठेवली आणि त्यांना बुडबुडा दाखवला. तो बरोबर मधे होता. मग त्या निघाल्या.

भावांची पंचाईत झाली. फाटक एकच, त्याच्यापुढे ओलं काँक्रीट. काकांनी त्यांच्या पायरीपासून दोन अर्ध्यांच्या मधे मांडलेल्या विटांपर्यंत एक अरुंद फळी टाकून दिली. एकावेळी एकच माणूस. पहिले दोन दिवस ते दोघं वेळा बदलून बाहेर पडत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी दोघंही एकदम घाईत, थोरला फळीच्या मधोमध, हातात पिशवी, फळी हलली आणि तो म्हणाला, "धर जरा." धाकट्याने धरली. कुणी गैरसमज करून घेऊ नये. केस अजून चालू आहे, परवाच तारीख होती. मी फक्त जे दिसलं ते सांगते.

काँक्रीटवर पोती अंथरून ती सात दिवस ओली ठेवायची असतात. सकाळ-संध्याकाळ काका पाणी मारायचे. दुसऱ्या हप्त्यात, भिंतीकडचा अर्धा भरून झाल्यावर, एका शुक्रवारी दवाखान्यात त्यांना फार उशीर झाला. ऊन कडक होतं. दुपारी गाडीतून उतरल्याबरोबर ते काकूंना तिथेच सोडून पोत्यांकडे गेले. पोती गच्च ओली होती. वळले, तर पोस्टमास्तर आपल्या फाटकात रबरी नळी गुंडाळत उभे.

"मी झाडांना पाणी घालत होतो," पोस्टमास्तर म्हणाले. "जरा तिकडे गेलं असेल."

त्यांच्या फाटकापासून चौथं घर साठ पावलांवर. ती नळी कशीबशी माझ्या कुंपणापर्यंत पोचते. त्यांच्या विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत भिजले होते आणि बादली मागे लपवलेली सगळ्यांना दिसत होती. काकांनी एक डोळा मिटून त्यांच्याकडे पाहिलं. त्या वेळी मात्र मागे भिंत नव्हती.

रस्ता कुणी राखायचा, याचा निकाल आमच्या गल्लीत अजून लागलेला नाही. नगरपालिकेचं नवं पत्र आलंय, तेच उत्तर, टंकलेखन जरा सुबक. तिसऱ्यांची खडी सुटत चाललीय, माझ्या डांबराला पोस्टमास्तरांच्या फरशीजवळ भेग आहे. ती मला आधी दिसली, म्हणजे ती माझी. काकांना विचारलं, तर म्हणाले, थापी देतो, हात तुमचा.

काकू आता खुर्चीत नसतात. हातात चार पायांची काठी घेऊन सकाळी सातव्या घरापासून निघतात, काका दोन पावलं मागे, धरायचं नाही अशी सक्त ताकीद. पाचव्या घरापर्यंत त्यांची मान खाली असते, एकेक पाऊल बघून टाकतात. चौथ्या घरासमोर आल्या, की थांबतात, दम खातात आणि मान वर करून वरच्या गच्चीकडे, भिंतीकडे, माझ्याकडे बघतात. आज मला हाक मारून म्हणाल्या, अहो, तुमची चौकट खरंच झुकलीय की. तेवढ्या तुकड्यावर त्यांना खाली बघावं लागत नाही.