त्याच्या मराठीचं मी इंग्रजी केलं

"तुमच्यात अशी सलग कामाची सवय नसतेच ना. म्हणून जड जातंय तुला."

हे मला मराठीत ऐकवलं गेलं. इथे परदेशात, पाया लेबार भागातल्या आमच्या ऑफिसात, सकाळच्या स्टँड-अपमध्ये. स्टँड-अप म्हणजे सगळ्या टीमने गोल उभं राहायचं आणि काल काय केलं, आज काय करणार, ते एकेकाने सांगायचं. माझी पाळी होती. कालचं काम अपुरं राहिलंय, आज संपवते, असं मी इंग्रजीत सांगितलं. मॅनेजर इंग्रजीत म्हणाला, "नो प्रॉब्लेम." आणि मग हातातला कॉफीचा कप हलवत, हसत हसत, मराठीत हे.

तो हसला म्हणून बाकीचेही हसले. चिनी, मलय, तमिळ, सगळेच. त्यांना वाटलं, दोन गाववाले एकमेकांची थट्टा करतायत. सूलिन, आमच्या विभागाची प्रमुख, माझ्या शेजारीच उभी होती. तिने विचारलं, "व्हॉट डिड ही से?"

"नथिंग लाह. ही इज जोकिंग."

मी म्हणाले. माझ्याच तोंडाने. कारण माझा पास, म्हणजे इथे काम करायचा परवाना, संपत आला होता आणि पुढचा मिळणं मॅनेजरच्या शिफारशीवर होतं. पास गेला की इथली खोली गेली, नोकरी गेली, गावाकडे आईला असलेला माझा आधार गेला. हे मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं.

तो पुण्याचा. ऑफिसात सगळे त्याला नावाने हाक मारतात, आम्ही मराठी तेवढे दादा म्हणायचो. त्यानेच लावलेली सवय. "परदेशात आपणच आपले," म्हणायचा. दुपारी आमचे डबे एकत्र उघडायचे. माझी जवसाची चटणी त्याला फार आवडायची. न विचारता हात घालायचा.

या उन्हाळ्यात माझे बाबा गेले. आधी त्यांचं आजारपण, म्हणून मी बडनेऱ्याला गेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन जमेल तसं काम केलं. मग ते गेले. मग आईला एकटं सोडवेना. जूनच्या शेवटी परत आले तर मन ताळ्यावर नाही. स्क्रीनसमोर बसायचे आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायचे. मीटिंगमध्ये कोण काय बोललं, कळायचं नाही. हे खरं आहे. नाकारत नाही.

परतल्यावर पहिल्याच दिवशी जेवताना दादाने विचारलं, "तेरावं वगैरे नीट झालं ना गं?"

"आमच्यात तेरावं नसतं, दादा. विहारात पुण्यानुमोदन केलं."

"अच्छा," तो म्हणाला. "अच्छा, अच्छा."

दुसऱ्या दिवसापासून त्याला चटणी चालेना. पोट भरलंय म्हणायचा. मग त्याच्या मीटिंगा नेमक्या जेवणाच्या वेळी येऊ लागल्या. मग दुसऱ्या टीममधले बाकीचे मराठीही त्याच्याबरोबर खाली फूड कोर्टात जाऊ लागले. मी डबा माझ्या कॉम्प्युटरपुढे बसून खाऊ लागले.

तोही मुलांच्या सुट्टीत पुण्याला जाऊन आला होता. आल्यावर त्याचंही एक काम धड वेळेत नाही. स्टँड-अपमध्ये म्हणाला, आमरसातून अजून बाहेर आलो नाही. सगळे हसले, विषय संपला. त्याचं लक्ष उडालं ते आंब्यामुळे. माझं उडालं ते जातीमुळे.

कामाची सवय आमच्यात नाही म्हणे. माझे बाबा रेल्वेत गँगमन होते. विदर्भाच्या उन्हात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, तापलेल्या रुळांवर हातोडा चालवायचे. आजीची माती झाली आणि लगेच ड्युटीवर गेले. "जातो वं बाई," एवढंच मला म्हणाले होते. दादासारखे लोक एसी डब्यात पांघरूण घेऊन झोपून जातात, त्या डब्याखालचे रूळ आमच्या सवयीने जागेवर राहिले. मला याचा राग येतो. लिहितानाही येतोय.

मी पुन्हा घडी बसवायला घेतली. जुरोंग ईस्टहून लवकरची एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, धरायची. खालून कोपी, म्हणजे इथली कॉफी, घ्यायची. ऑफिस भरायच्या आत जागेवर बसायचं, फोन ड्रॉवरमध्ये टाकायचा आणि सगळ्यात अवघड काम आधी काढायचं. सुरुवातीला नुसतीच बसून राहायचे. रडायचेसुद्धा. मग हळूहळू डोकं चालायला लागलं. रखडलेलं काम पुरं झालं. दुसऱ्यांनी अवघड म्हणून सोडून दिलेलं एक कामही मी उरकलं.

ते स्टँड-अपमध्ये सांगितलं. सूलिन म्हणाली, "व्हेरी गुड." दादा म्हणाला, "ग्रेट जॉब." आणि मग तसाच कप हलवत, तसाच हसत, मराठीत: "ढकलल्याशिवाय चालत नाही तुम्ही लोक. आरक्षणात वाढलेले, दुसरं काय."

सगळे हसायच्या तयारीत होते. या वेळी मला कोणी काही विचारलं नव्हतं.

मीच इंग्रजीत म्हणाले, त्यांनी आत्ता काय म्हटलं ते मी सांगते. आणि सांगितलं. शब्दाला शब्द. "तुम्ही लोक" म्हणजे कोण, तेही सांगितलं. मग मागचं वाक्यही सांगितलं, जे मी नथिंग म्हणून गिळलं होतं. इंग्रजी चुकलं नाही.

"इट्स अ जोक," तो म्हणाला. कोणी हसलं नाही.

सूलिनने त्याला विचारलं, "इज शी करेक्ट?"

"इट्स अ कल्चरल थिंग," तो इंग्रजीत म्हणाला. "हार्ड टू ट्रान्सलेट."

"नॉट हार्ड," मी म्हणाले.

नंतर त्याने मला पॅन्ट्रीत गाठलं. हळू आवाजात म्हणाला, "घरातलं बाहेर न्यायचं नसतं गं. आपण मराठी माणसं."

"कुठलं घर?" मी विचारलं. त्याला 'दादा' म्हटलं नाही.

"पासचं लक्षात आहे ना?"

"आहे."

पासचं काय होईल, मला माहीत नाही. सूलिनने आम्हाला वेगवेगळं बोलावलंय. ती भली बाई आहे, पण कंपन्या आधी मॅनेजर सांभाळतात, हे मला कळतं. मी तीच लवकरची ट्रेन धरते. तेच काम करते, आणि चोख करते. डबा आता पॅन्ट्रीतल्या मोठ्या टेबलावर, मधोमध उघडते. ज्याला यायचं त्याने यावं.

आणि सकाळी गोलात उभी राहिले की कान त्याच्याकडे ठेवते. तो मराठीत एक शब्द बोलला, की मी त्याचं इंग्रजी करणार. मोठ्याने, सगळ्यांसमोर. पास आहे तोवर रोज. आणि पास गेला, तर शेवटच्या दिवशीही.