हाराविना यंत्र

माझ्या नणंदबाई, चारुतावन्सं, झाशीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात नवोपक्रम कक्ष सांभाळतात. म्हणजे काय, तर मुलांनी बनवलेली यंत्रं जवळच्या बिजौलीच्या कारखान्यांत नेऊन बसवायची आणि दोन्हीकडची बोलणी खायची.

यंत्र बसलं की सोहळा ठरलेला. प्राचार्य नारळ फोडणार, झेंडूचा हार, कुंकवाचं स्वस्तिक, फोटो. पाहुण्यांची पाठ फिरली की कारखानदार त्यावर प्लास्टिक घालणार. पूजा झालेली वस्तू, वापरून खराब झाली तर? वन्सं चौकशीला गेल्या की आत वाळका हार जसाच्या तसा. यंदा प्राचार्यांनी बजावलं, "चारुताजी, एक मशीन तो चलती हुई दिखाइए, नहीं तो आपका इनोवेशन सेल बंद." वन्संची रवानगी पुन्हा प्रवेशाच्या खिडकीवर होणार होती.

यंदाचं यंत्र कापडी खेळण्यांत कापूस भरण्याचं. वन्संनी ते बसवलं आणि नारळच फोडू दिला नाही. प्राचार्य फुगून बसले. मीही म्हटलं, "निदान कुंकवाचं बोट तरी लावायचं!" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्यानं पोळ्यांकडे वळले.

मग बरेच दिवस काहीच कळेना. वन्संचं जेवण सुटलं. एका सकाळी कारखान्याच्या अगरवालजींचा फोन आला. ते इतके ओरडत होते की मला ओट्यापाशी ऐकू आलं, "मैडमजी, आपकी मशीन तो बैठ गई! सारा काम रुका पड़ा है!"

 वन्सं चपला शोधायला लागल्या. "रुचिरा, बिघडलं गं! स्कूटी काढ!"

कारखान्यात यंत्र उघडंच उभं होतं. दांडा हातांच्या मळानं काळा झालेला, वर कुणाचा तरी चहाचा ग्लास. बायका तोंडं वाकडी करून हातानं कापूस कोंबत होत्या. एक म्हणाली, "दीदी, जल्दी सुधरवा दो. अब हाथ से नईं भरो जात."

वन्सं तिथंच कापसाच्या पोत्यावर बसल्या आणि रडायला लागल्या. अगरवालजी घाबरले. "अरे मैडमजी, छोटी-सी खराबी है!" मला इतकं हायसं वाटलं की हसू आवरेना.

वन्संनी डोळे पुसले आणि प्राचार्यांना फोन लावला.

"सर, मशीन खराब हो गई है. पेड़े लेकर आइए."