अजून एक फोटो

हिमानी पांढरीपांडे मूळची नागपूरची. अमेरिकेत पिस्कॅटवेजवळच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये तिला अठरा वर्षं झाली होती आणि तिच्या नोंदींना नावं ठेवायची तिथे कुणाची टाप नव्हती. चुकलेला आकडा खोडून काढायचा नाही, वर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही करायची. हे तिच्या अंगातच मुरलं होतं.

मुलगी कॉलेजला गेली, घर शांत झालं, आणि एका गुरुवारी लायब्ररीत तिला लॉइड दिसला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा निवृत्त पोस्टमन. टेबलाला लावलेल्या छोट्या शिकंज्यात नखाएवढा गळ अडकवून तो त्यावर दोरा आणि कोंबड्याच्या मानेची पिसं गुंडाळत होता. बघता बघता गळाची माशी झाली. पाण्यावर तरंगणारी, ट्राउट माशाला फसवणारी.

"बस की," तो म्हणाला. ती जी बसली ती सहा वर्षं.

एवढ्या वयस्क माणसाला नुसतं 'लॉइड' म्हणायला तिची जीभ वर्षभर वळत नव्हती. पण त्याच्या हाताखाली ती चर्चच्या तळघरातल्या मासेमारी क्लबात सगळ्यांत सुबक माशा बांधू लागली. क्लबाचा नियम एकच, पकडलेला मासा जिवंत परत सोडायचा. लॉइड सांगायचा, "आधी हात ओले कर. मासा पाण्याबाहेर काढलास की तूही श्वास धरून ठेव. तुझा जीव घुसमटला, म्हणजे त्याचा केव्हाच घुसमटलाय."

एका जूनमध्ये ती पहिल्यांदाच नवऱ्याला नदीवर घेऊन गेली. दिवस मावळताना फिकट पिवळ्या पाणमाश्यांचे थवे रॅरिटन नदीवर उतरत होते आणि ट्राउट त्या टिपायला वर येत होते. अंधुक उजेडात आपलीच माशी दिसत नाही, म्हणून तिनं त्या माशीच्या पाठीवर पांढऱ्या लोकरीचा झुबका बांधला होता. तो झुबका दोनदा वाहत गेला, तिसऱ्यांदा गडप झाला. गळाच्या दोरीचं रीळ किंचाळलं.

मासा जाळीत आला. हाताच्या कोपरापर्यंत पोचेल एवढा, पोटाशी पिवळाजर्द, अंगावर तांबडे ठिपके.

"यशोधन, फोटो काढ लवकर!"

पहिला हलला. दुसऱ्यात तिचा चेहरा काळा आला. "फ्लॅश लाव ना," ती म्हणाली. तिसऱ्यात मासाच धूसर.

"सोड ना आता त्याला," यशोधन म्हणाला.

"अजून एक. नीट काढ यार, असा मासा परत नाही मिळायचा."

पाचवा सुंदर आला.

तिनं मासा पाण्यात धरला, प्रवाहाकडे तोंड करून, मागंपुढं हलवत राहिली. कल्ले दोनदा उघडले. हात सोडला तसा तो कुशीवर झाला, मग उताणा, आणि पांढरं पोट वर करून खडकांमधून खाली गेला. ती गुडघाभर पाण्यात त्याच्यामागे धावली. सापडला नाही.

घरी आल्यावर तिनं क्लबाच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "सुखरूप सोडला." दोनच शब्द. लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही, याचीच तिला पुढे सगळ्यांत जास्त लाज वाटली.

लॉइडनं तो फोटो मोठा छापून तळघराच्या भिंतीवर लावला. त्याच आठवड्यात दोघं तिची मैत्रीण आश्लेषा हिच्याकडे जेवायला गेले, तेव्हा कुणीतरी विचारलं, मग माशाचं काय केलंत? हिमानीनं आमटीची वाटी पुढे ओढली. यशोधन पटकन म्हणाला, "सोडून दिला. मस्त पोहत गेला." एरवी ऑफिसला दांडी मारायला आजारीसुद्धा न पडणारा हा माणूस तिच्यासाठी सहज खोटं बोलला होता.

मग लॉइडचा फोन आला. "नव्या लोकांचा वर्ग आहे. मासा कसा सोडायचा ते तू शिकव. पुढच्या वर्षीपासून हा वर्ग तुझाच."

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. ती गेली. नऊ जण समोर, पाठीमागे भिंतीवर तीच, हसत, हातात मासा. ओल्या हातांपर्यंत ती नीट बोलली. पुढे श्वासाची गोष्ट आली आणि तिनं वळून फोटोकडे बघितलं.

"हा मासा मेला," ती म्हणाली. "मी पाच फोटो काढायला लावले. सुखरूप सोडला असं लिहिलं, ते खोटं होतं."

मागच्या एका बाईनं विचारलं, "मग किती वेळ बाहेर धरलेला चालतो?"

"दहा सेकंद. शक्यतो काढूच नका," लॉइडनं परस्पर उत्तर दिलं. तिच्याकडे बघितलं नाही.

खुर्च्या आवरताना तो एवढंच म्हणाला, "मासे माझ्याही हातून मेलेत, हिमानी. पण मी तो फोटो सगळ्यांना दाखवत फिरलो."

"आय अ‍ॅम सॉरी, लॉइड."

"हं." त्यानं फोटोच्या टाचण्या काढल्या, एकेक डबीत टाकली. पुढच्या वर्षीचा वर्ग त्यानं दुसऱ्याला दिला. तिला ते योग्यच वाटलं. गुरुवारी ती जात राहिली. तो गळांची डबी तिच्याकडे सरकवायचा, पण शेजारी बसायचा नाही.

यशोधनला तिनं सगळं सांगितलं. "मग आश्लेषालाही सांगायला हवं. मी बोललो होतो, मीच सांगतो," तो म्हणाला.

"नको. मी सांगते."

आश्लेषानं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि खळखळून हसली. "अगं, मासाच ना तो! घरी आणून तळला असतात तरी कुणी काय म्हणणार होतं? वेडी आहेस का तू?"

हिमानीला तिचा राग आला नाही. समजावून सांगायला तिनं दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा तिच्या लक्षात आलं, की आपण पुन्हा स्वतःला चांगलं ठरवायलाच निघालोय.

"बरं, ठेवते," ती म्हणाली.