बांड्याचं दावं

कारंज्याच्या ठाण्यात आलेली ती फिर्याद इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले कित्येक आता धड आठवतही नाहीत. ही एका बैलाची गोष्ट मात्र काल घडल्यासारखी डोळ्यांपुढे आहे. माणसांची नावं सांगणार नाही, कारण त्यांची मुलंबाळं त्याच भागात नांदत आहेत. बैलाचं नाव सांगायला हरकत नाही. त्याला बांड्या म्हणत.

इंग्रजी अमलाची ती शेवटची वर्षं. आमचा मुलूख तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडायचा. मी नवा ठाणेदार, अंगावरचा खाकी कोट अजून कडक होता. काय दिवस होते ते! हिवाळ्यात कारंज्यात शिरलं की कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असायची, सरकी काढणाऱ्या जिनांची घरघर दूरवर ऐकू यायची आणि अरुंद रुळांवरची छोटी गाडी शिटी मारत आरामात निघून जायची. सकाळी हजेरी, मग रात्रीच्या गस्तीची हकिगत, मग रोजनामचा. मला ती शिस्त फार आवडे. आजही चहा पिताना हात रोजनामच्याकडे जातो आणि मग आठवतं की आपण पेन्शनीत निघालो.

त्या दिवशी रोजनामचा लिहीत असतानाच मानोऱ्याच्या वाटेवरच्या एका गावचे पाटील आले. मोठे खातेदार, डोक्याला भरजरी फेटा. म्हणाले, "ठाणेदारसाहेब, माह्या सालदारानं माहा बैल चोरून इकला. त्याले आत टाका अन् माहा बैल मले आनून द्या."

वऱ्हाडात सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. गुढीपाडव्याला बोली होते, पुढच्या पाडव्याला सुटते. मधल्या काळात शेत, बैल, खळं सगळं त्याच्या हाती असतं. मी विचारलं, "बैल विकला कधी?"

"दिवायीच्या मांगं. कारंज्याच्या बाजारात."

"मग फिर्याद आज का?"

पाटील जरा अडखळले. "कालच्या शंकरपटात पाह्यला तवा समजलं."

शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. आदल्या दिवशीच्या पटात बांड्या पहिला आला होता आणि अख्ख्या पंचक्रोशीत त्याचाच बोलबाला होता. आता तो एका व्यापाऱ्याच्या दावणीला होता. गावात सगळे या व्यापाऱ्याला चाचा म्हणत. बैलांचा धंदा त्याच्या बापापासून चालत आलेला.

फिर्याद रीतसर होती. पिनल कोडाचं चारशे आठ, नोकराने केलेला विश्वासघात. नोंदवून घेणं भागच होतं. बैल मुद्देमाल म्हणून जप्त केला आणि ठाण्याच्या आवारातल्या लिंबाला बांधला. झालं! सगळं कारंजं त्याला पाहायला लोटलं. एरवी ठाण्याच्या सावलीला न येणारी माणसं हिरवा चारा घेऊन येऊ लागली. आमचे जमादार वैतागून म्हणाले, "सायेब, आरोपीले कोनी भाकर आनत नाई, अन् मुद्देमालाचे पाहा इतके लाड!"

आरोपीला आणायला मी स्वतः गेलो होतो. पळून जाणारे चोर खूप पाहिले होते. हा पाटलाच्याच खळ्यात ज्वारी उफणत होता. मला पाहून त्याने सूप खाली ठेवलं, अंगावरचा भुसा झटकला आणि मुकाट्याने पुढे झाला. चाळिशीचा, सुकलेला, बोलायला जड. कोठडीत बसवून मी जबानी घेतली.

"बैल विकलास?"

"हाव जी. इकला."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"मालकाच्या. मालक मनले, हा बैल औताले चालत नाई, संगच्या बैलाले मारते. घेऊन जाय अन् इकून टाक, मले त्याचं तोंड दाखवू नोको."

"पैसे?"

"मालकाच्या हाती देल्ले."

"साक्षीदार कोण?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच कानकोंडं झालं. "घरातल्या गोष्टीले साक्षीदार ठेवते का जी कोनी? पंधरा सालं झाले मी त्या घरी. जे सांगतलं थे केलं."

मग तो पहिल्यांदा कळवळून बोलला. "सायेब, जेल झाली त झाली. पन पाडवा तोंडावर आला. चोर ठरलो त पुढं मले कोन ठेवन? सालदाराजवय दुसरं काय असते? इश्वासच असते ना जी."

खरं होतं. जमीन नाही, बैल नाही. लोकांनी आपलं घरदार ज्याच्या भरवशावर सोडावं, एवढीच त्याची कमाई. ती गेली असती तर सुटून येऊनही तो मेल्यासारखाच होता.

दुपारी चाचाला बोलावलं. तो रागाने नुसता फणफणत होता. "साब, मेरा बैल ठाने में कायकू? मी भर बाजारात सौदा केला! रुमालाखाली हात धरला, बोटं दाबली, सौदा पटला. हा पाटलाचा आदमी हे सारा बाजार जानते. पाटलाचे बैल हमेशा हाच आनते. मंग मी त्याले पुसत बसू का, तुले मालकानं धाडलं का नाई मून?"

त्याचं म्हणणं कायद्यालाही धरून होतं. वर्षानुवर्षं तुम्ही एखाद्या माणसाला आपल्या नावाने बाजारात पाठवता, त्याने केलेले व्यवहार मान्य करता, तेव्हा लोकांनी त्याचा शब्द तुमचा समजला तर त्यात लोकांचा दोष नाही. पण त्याने सुटका व्हायची ती चाचाची. घरात मालक नेमकं काय बोलला, हा प्रश्न उरतच होता, आणि सालदाराची मान त्यातच अडकलेली होती.

उठता उठता चाचा पुटपुटला, "अन् वरून दावं बी नाई देल्लं. बैल देल्ला अन् दावं सोडून खांद्यावर टाकून चालला गेला. मले नवं दावं घेऊन यावं लागलं."

मी पेन खाली ठेवला. मी शेतकऱ्याच्याच घरचा. आमच्या घरीही बैल विकला तरी गळ्यातलं दावं कधी दिलं नाही. दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते, असं म्हणत. वडील ते परत घेऊन यायचे, आई त्याला हळदकुंकू लावून गोठ्यातल्या खुंटीला अडकवायची आणि त्या दिवशी तिचं जेवणात लक्ष नसायचं. चोर बैल लांबवतो तो दाव्यासकट. मालकाच्या घरची लक्ष्मी मालकाकडे परत नेऊन देणारा चोर मी तरी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच घेऊन मी पाटलाच्या घरी गेलो. आधी साधंच विचारलं, "पाटील, बांड्याचं दावं कुठं आहे?"

"नेलं ना त्यानं. दाव्यासगट नेला बैल."

"गोठा पाहू."

गोठ्यात खुंटीला एक जुनं, वापरून मऊ झालेलं दावं टांगलेलं होतं. त्यावर कुंकवाचं बोट होतं. पाटील चटकन म्हणाले, "थे दुसऱ्या बैलाचं हाय. मागच्या साली मेला त्याचं."

आता दाव्यावर काही नाव लिहिलेलं नसतं. मी पंचनामा कसा लिहावा या विचारात होतो, तेवढ्यात मागच्या दारातून पाटलीणबाई बाहेर आल्या. डोक्यावर पदर, आवाज मात्र खणखणीत.

"थे बांड्याचंच हाय."

पाटील ओरडले, "तू आत जाय!"

"जातो. सांगून जातो." त्या माझ्याकडे वळल्या. "सायेब, बांड्या गेला त्या दिवशी म्याच त्याले भाकर चारली. जातानी त्याच्या पायावर पानी टाकलं. संध्याकायी ह्या गड्यानं दावं आनलं, म्या कुकू लावून अडकवलं. हे वसरीतच बसून होते. मनले, चला, पीडा गेली एकदाची. तवा नोयता का तो चोर? पटात बैल पयला आला, लोकं हासले, तवा चोर झाला?"

 पाटलांच्या चेहऱ्याकडे मला पाहवलं नाही, इतका तो उतरला होता. मग त्यांनी सगळं सांगितलं. पटात पाहुण्यांनी टोमणे मारले होते, "पाटील, हिरा ओयखता आला नाई तुमाले!" ते झोंबलं. वर कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या कोण्या अर्जनविसाने कानात सांगितलं, की तुम्ही विकला म्हणाल तर बैल गेला, गड्याने न विचारता विकला म्हणाल तर परत मिळेल.

मी कडक शब्दांत सुनावलं. "पाटील, समजा तुम्ही आधी काही बोलला नसता, तरी दावं घरात घेतलंत, पैसे घेतलेत आणि इतके दिवस गप्प राहिलात, तेव्हाच तो सौदा तुमचा झाला. सोय असेल तेव्हा गडी माझा आणि गैरसोय झाली की तो कोण, असं चालत नाही. खोट्या फिर्यादीबद्दल आता कोठडीत तुम्हाला बसवू शकतो, माहीत आहे?"

सालदाराला सोडलं, बांड्या चाचाच्या हवाली केला. पाटलांवर खटल्याचे कागद करायला मी बसलो, तर सालदारच आडवा आला. "नोको जी. मालकीनबाईले तरास होईन. मालकानं फक्त चावडीवर चौघांत सांगावं, का म्याच धाडलं होतं."

 वरिष्ठांना सगळी हकिगत सांगितली, त्यांनी समज देऊन सोडण्याची परवानगी दिली. त्या संध्याकाळी पाटील चावडीवर उभे राहिले आणि खाली मान घालून म्हणाले, "याले म्याच धाडलं होतं. याची काई चूक नाई." सालदाराने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि उरलेलं खळं आटपायला गेला. पाडव्यापर्यंत त्याने एक दिवसही खाडा केला नाही.

पाडव्यानंतर पाटील पुन्हा ठाण्यात आले. मला वाटलं नवी भानगड. खुर्ची दिली, तरी उभेच राहिले.

"सायेब, यंदा माह्या दारात कोनी सालदार उभा नाई राह्यला. जादा बोली लावली तरी कोनी येत नाई. मनते, तुमी सांगान अन् मंग नाई म्हनान. तुमी जरा बोला ना लोकायले."

"पाटील, याला कलम नाही," मी म्हणालो.

 मग पाटील हळूच म्हणाले, "त्यालेच परत बलावतो मनलं. जमादारासंगं निरोप धाडता का?"

तेव्हा मात्र माझा आवाज चढला. "निरोप कशाला? तुम्ही स्वतः जा. माणूस धाडू नका."

गेले. सालदाराने त्यांना बाजेवर बसवलं, पाणी दिलं, बांड्याच्या दोन गोष्टी केल्या आणि सांगितलं, की शब्द दुसऱ्या घरी देऊन बसलो.

पुढे मोठ्या हुद्द्यांवर गेलो, कायद्याची जाडजूड पुस्तकं वाचली. मालक कोण, नोकर कोण, कोणी कोणाच्या वतीने काय करावं, यावर त्यांत पानंच्या पानं आहेत. सगळं बरोबरच आहे. पण ज्याच्या तोंडून आपण बोलतो आणि ज्याच्या हातून करवून घेतो, त्याला अडचणीत ओळख न दाखवणं ही चोरी आहे, आणि तिची फिर्याद कोणत्याही ठाण्यात होत नाही, हे मला पुस्तकाने नाही, त्या गावाने शिकवलं. त्यानंतर हाताखालच्या कोणाही शिपायाला काम सांगताना मी एकदा थांबून विचार करायचो, की उद्या हे उलटलं तर मी पुढे उभा राहीन का. उत्तर 'नाही' असं आलं, तर ते काम मी सांगितलं नाही.