फुल पँटचा अर्ज

कल्याणच्या कचेरीबाहेर अर्ज लिहिणाऱ्यांत माझ्या शब्दांना वजन आहे, हे मी नम्रपणे नमूद करतो. तरीही ठाकुर्लीहून आलेल्या एका बाईंनी माझा मजकूर खोडायला लावला होता, आणि त्यांची आठवण अद्याप जात नाही.

त्यांची मुलगी शाळेच्या खो-खो संघात निवडली गेली होती. गणवेश हाफ पँटचा, म्हणून घरच्यांनी खेळच बंद केला होता. तिला फुल पँट घालून खेळू द्यावे, असा अर्ज बाईंना मुख्याध्यापकांना द्यायचा होता. त्या पदर कमरेला खोचून उभ्याच राहिल्या. स्टूल दिले तरी बसल्या नाहीत.

रिवाजाप्रमाणे मी अर्जदार म्हणून वडिलांचे नाव विचारले.

"माझंच टाका, भाऊ. ते म्हणतात, पोरगी वयात आली, आता कसलं खेळणं!"

मी 'सांस्कृतिक मर्यादांचा यथोचित सन्मान राखून' असे लिहून वाचून दाखविले. त्या हसल्या.

"अहो, मर्यादा घरी भरपूर आहेत. तुम्ही फक्त पँटचं लिहा."

"आपण खेळत होतात?"

"होते ना. नववीत आईने ओढणी दिली आणि मैदान सुटलं. अजून कुठे शिट्टी वाजली की उठून पळावंसं वाटतं."

अर्ज घेऊन त्या भरभर निघून गेल्या. निकाल सांगायला कोणीच अर्जदार परत येत नाही. त्याही आल्या नाहीत. मात्र स्थानिक पेपरात एखाद्या शाळेच्या खो-खो संघाचा फोटो आला, की मी चष्मा पुसून त्यात एक फुल पँट शोधत बसतो.