चर्चच्या भिंतीतला कोनाडा

२०२१ च्या मार्चमध्ये, आयर्लंडच्या लॉकडाऊनमध्ये, घरापासून पाच किलोमीटरच्या आतच फिरायची मुभा होती आणि तेवढ्यात आम्हाला दोनच ठिकाणं होती: सुपरमार्केट आणि मध्ययुगातलं एक बिनछपराचं चर्च. सुपरमार्केट आईला पाठ झालं होतं. मला सुट्टीच्या दिवशी फक्त झोपायचं असे. मी काम करायचे त्या लेटरकेनीच्या हॉस्पिटलात त्या हिवाळ्यात इतकी माणसं डोळ्यांदेखत गेली होती की आणखी थडगी बघायची हौस उरली नव्हती. पण आई पर्स घेऊन दारात उभी.

पर्समध्ये गंगेचा गडू असायचा. तांब्याचा, मुठीत मावणारा, तोंड डाख देऊन बंद केलेला. दोघांपैकी जो आधी जाईल त्याच्या तोंडात ते पाणी घालायचं, असं आईबाबांचं ठरलेलं. माझ्याकडे येताना ‘परदेशात माझंच काही झालं तर’ म्हणून आईने तो बॅगेत टाकला. मग विमानं बंद पडली, ती इथे अडकली आणि त्यातच बाबा पुण्यात गेले. "त्यांचं पाणी मी घेऊन आले," एवढंच ती तेव्हा म्हणाली. त्यानंतर तिने गडू काही खाली ठेवला नाही.

चर्च म्हणजे चार जाड दगडी भिंती. पूर्वेला एकच उंच, अरुंद खिडकी; तिच्या कडा आतून तिरक्या कापलेल्या, त्यामुळे ढगाळ उजेडही वेदीच्या जागेवर पसरायचा. शेजारच्या भिंतीत कोनाडा होता, त्यात दगडी वाटी, तळाला भोक. मी फलक वाचला आणि जांभई देत सांगितलं, "पूजेची भांडी धुतलेलं पाणी यात ओतायचे. कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून भिंतीतून सरळ जमिनीत."

आईने पर्स उघडली.

"अगं, इथे?"

"पायाखाली येत नाही म्हणालीस ना? उघडून दे."

गाडीच्या किल्लीने मी डाख उचकटला. आईने पाणी ओतलं. ते वाटीतच थांबलं.

भोकात कधीचा पालापाचोळा अडकलेला असणार. आई वाकून बघत राहिली, बाबांच्या उशाशी बसल्यासारखी. मला संताप आला, त्या भोकाचा, विमानांचा, सगळ्याचाच. केसांतला आकडा काढून मी आत खुपसला, फिरवला.

पाणी घटकन खाली गेलं.

"प्यायले गं," आई म्हणाली, आणि रिकामा गडू तिने कोनाड्यातच ठेवला.

ती रडली नाही. मी मात्र ओल्या दगडावर बसून रडले. बाबा गेल्यापासून मला तेवढी सुट्टी मिळालीच नव्हती.