खिंडीपलीकडची नदी

माझ्या मोठ्या भावाला चालण्याचं वेड होतं. लालबागच्या आमच्या चाळीत ते कुणाला कळायचं नाही. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. आठ तास उभं राहून आलेल्या माणसाला, सुट्टीच्या दिवशी कुणी आपण होऊन बारा मैल चालून येतं ही थट्टेची गोष्ट वाटायची. "पाय शिवशिवतात काय रे तुझे?" असं ते दादाला विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता कूस बदलायचे.

दादा मॅट्रिक झाला होता आणि शिवडीला बंदराच्या एका गोदामात कारकून होता. गोदामावर जातानाही तो चालतच जायचा. पण त्याचं खरं चालणं वर्षातून एकदा, दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी. पहिल्या गाडीनं निघून कर्जतच्या अलीकडच्या एका लहान स्टेशनावर उतरायचं, नदीच्या काठाकाठानं डोंगराकडे जायचं, एक खिंड चढून पलीकडच्या दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात उतरायचं आणि त्या नदीबरोबर खाली येत पुन्हा त्याच स्टेशनावर पोचायचं. दोन्ही नद्यांना तिथल्या लोकांची नावं असणारच, दादा त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचा. सुरुवातीला मित्र बरोबर असत. पुढे त्यांची लग्नं झाली, कुणी येईना, मग तो एकटाच जाऊ लागला.

मी चौदा वर्षांची असताना त्यानं मला एकदा नेलं. तोपर्यंत मी परळच्या पलीकडे शीवपर्यंत गेले असेन, आणि मे महिन्यात बोटीनं गावाला. त्या खोऱ्यात आवाजच नव्हता. भोंगा नाही, नळावरची भांडणं नाहीत. भात कापून झालं होतं, खळ्यांवर भाऱ्यांची उडवी रचलेली होती आणि मोकळ्या शेतांतून वाल पेरलेले होते. नदी घोट्याएवढी, तिच्यातले गोटे मोजता यावेत इतकी स्वच्छ. मला रडूच आलं. दादानं विचारलं, "काय गं, पाय दुखतात?" मी हो म्हटलं.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. गिरणगावात रोज सभा, मोर्चे, हरताळ. दादा सभांना जायचा, पण मागे उभा राहून ऐकणाऱ्यांतला. गोळीबार झाला त्या दिवशी तो मोर्चात नव्हताच. नाक्यावरच्या दुकानातून रॉकेलची बाटली घेऊन बाहेर पडला, समोरून लोक पळत आले, तोही पळाला आणि पडला. गोळी डाव्या खुब्यात लागली होती. चार माणसांनी त्याला दुकानाच्या फळीवर घालून परळच्या इस्पितळात नेलं. मी शाळेत होते. त्याच वर्षी मला म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली होती.

पाच महिने तो इस्पितळात होता. घरी आला तेव्हा डावा पाय दोन बोटं आखूड झाला होता आणि हातात काठी होती. गोदामातली त्याची जागा भरली गेली होती. माणसं भेटायला येत, "आमचा वाघ" म्हणत, आणि दादा त्यांच्याकडे बघत बसे.

त्यानंतर काही आठवड्यांनी एक्स-रे काढायला मी त्याला घेऊन गेले. तो आत टेबलावर असताना डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं.

"तुम्ही बहीण ना? नीट ऐका. हाड हवं तसं जुळलेलं नाही. घरात, जिना उतरून दुकानापर्यंत, एवढं ठीक आहे. पण मैलभराच्या वर गेले तर सांधा सरकेल, आणि एकदा सरकला की आम्हाला तो बसवता येणार नाही. त्यांना एकदम सांगू नका, धीर सुटेल. घरच्यांनी हळूहळू समजवा."

दादा काठी टेकत बाहेर आला. "काय म्हणाले?"

त्याचा चेहरा इतका उत्सुक होता की मी म्हटलं, "सावकाश चालायला सांगितलंय."

"म्हणजे चालायला हरकत नाही."

"सावकाश," मी म्हटलं.

पुढे सांगू असं मनाशी म्हणत राहिले. आईला सांगितलं नाही, बाबांना नाही. सांगितलं असतं तर ते दादाच्या कानावर गेलंच असतं. आणि माझं म्हणाल तर, नऊ माणसांच्या त्या खोलीत मला एकच माणूस असा वाटायचा की ज्याच्याबरोबर कधीतरी तिथून बाहेर पडता येईल. तो कायमचा बसला असता तर मीही बसले असते. हे मी तेव्हा असं स्पष्ट म्हटलं नव्हतं. पण होतं ते हेच.

दादा रोज सकाळी चालू लागला. आधी नाक्यापर्यंत, मग चिंचपोकळीच्या पुलापर्यंत, मग डिलाईल रोडपर्यंत आणि परत. काहीच झालं नाही. मला वाटू लागलं, डॉक्टर चुकले असतील. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत तो म्हणाला, "या रविवारी जाऊ. तू येशील?"

मी हो म्हटलं.

निघताना आईनं विचारलं, "दोघां खंय चललास एवढ्या सकाळी?" मी सांगितलं, कल्याणला शाळेतल्या बाईंकडे पूजा आहे. दादानं माझ्याकडे पाहिलं आणि काठी उचलली.

सकाळ छान गेली. दादा माझ्यापुढे चालत होता. काठी टेकायची, आखूड पाय टाकायचा, मग चांगला. थोरलीच्या काठानं आम्ही तीन वाड्या ओलांडल्या. खळ्यावर भात झोडणाऱ्या बायकांनी हात थांबवून आमच्याकडे पाहिलं. एका डोहापाशी बसून आम्ही भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली. पाण्यावरून खंड्या निळा चमकून गेला. दादानं बूट काढून पाय पाण्यात सोडले. दोन वर्षांत मी त्याला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. पुढच्या वर्षी खिंडीतून डावीकडे वळून वरच्या पठारावर जाऊ म्हणाला, एखाद्या वाडीत शाळा निघाली तर तू तिथंच मास्तरीण हो म्हणाला.

"आणि तू?"

"मी तुझ्या शाळेचा शिपाई. घंटा देईन."

त्या क्षणी सांगता आलं असतं. तिथून स्टेशन फार लांब नव्हतं, बैलगाडी मिळाली असती. मी डबा विसळला आणि पिशवीत टाकला.

खिंडीची चढण तो चढला. वर पोचलो तेव्हा घामानं निथळत होता, पण हसत होता. पलीकडे धाकटीचं खोरं, दुपारच्या उन्हात नदी तारेसारखी दिसत होती. उतारावर मुरूम होता. वीस-पंचवीस पावलं उतरलो असू. दादाची काठी घसरली, डावा पाय बाजूला गेला आणि मला आवाज ऐकू आला. ओलं लाकूड पिळल्यासारखा. तो ओरडला नाही, नुसता खाली बसला.

"काय झालं?"

"थांब जरा. उठतो."

तो उठला नाही. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा त्याचा चेहरा पांढरा पडला. पाय भलत्याच दिशेला वळला होता.

"मागं जाऊ या का?" मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"मागं गेलो तरी तेवढंच, पुढं गेलो तरी तेवढंच," तो म्हणाला. "आपण बरोबर मधे आहोत."

"मी खाली वाडीवर जाऊन माणसं आणते."

"नको."

"दादा, असं कसं?"

"मला उचलून न्यायचं नाही. एकदा नेलंय फळीवर. पुन्हा नाही. मी बसत बसत उतरतो."

तो बसत बसत उतरू लागला. दोन्ही हात मागे टेकायचे, चांगल्या पायानं रेटायचं, हातभर सरकायचं. मी त्याचा डावा पाय दोन्ही हातांनी धरून बरोबर सरकत होते. तास-दीड तासात आम्ही फारतर शंभर हात आलो. त्याचे तळवे सोलून निघाले. मग एका ऐनाच्या बुंध्याला टेकून तो थांबला आणि डोळे मिटले. मी काही न विचारता खाली धावत सुटले.

वाडीवर ठाकरांची पाच-सहा घरं होती. चार पुरुष घोंगडी आणि बांबू घेऊन माझ्याबरोबर आले. त्यांत एक म्हातारा होता. दादाला बघून तो म्हणाला, "ह्यो तर दरसाल येनारा! दोन साल दिसला न्हाई तो."

दादानं त्याला ओळखलं असणार. त्यानं मान वळवली. त्यांनी त्याला झोळीत घातलं तेव्हा पहिल्यांदा त्याच्या तोंडून आवाज निघाला. मग त्यानं हात डोळ्यांवर आडवा टाकला, तो स्टेशन येईपर्यंत काढला नाही.

मी मागून चालत होते. धाकटीचं खोरं थोरलीपेक्षाही सुंदर होतं. काठावर बांबूची बेटं होती, बगळे होते, वळणावर पाणी खडकातून हलकं वाजत होतं. तो माणूस या वाटेसाठी दोन वर्षं जगला होता आणि तो तिथून डोळे झाकून चालला होता. झोळीला खांदा देणारे आपापसांत भाताविषयी बोलत होते. म्हातारा मधेच मला म्हणाला, "रडू नको बाय, हाड बसतं." मी रडत नव्हते.

इस्पितळात नवे डॉक्टर होते. त्यांनी पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच सांगितलं: आता बसवता येणार नाही. जुनी जखम आतून चिघळली, तीन महिने ताप येत राहिला. दादाला घरी आणला तो खिडकीखालच्या खाटेवर, आणि तिथंच राहिला. आईला कल्याणची थाप कळली होती. "तूच नेलंस त्येका," एवढंच ती म्हणाली. मला वाटलं, हिला अर्धंच ठाऊक आहे.

महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला. चाळीला तोरणं लागली. सकाळी मंडळाची माणसं खोलीत आली. दादाला उचलून गॅलरीत खुर्चीवर बसवलं, गळ्यात हार घातला, कपाळाला गुलाल लावला. खालून लोकांनी जयजयकार केला. त्यानं हात जोडले. संध्याकाळी सगळी चाळ शिवाजी पार्काकडे निघाली. बाबा गेले, आई शेजारणींबरोबर गेली, धाकटी भावंडं गेली. खोलीत पहिल्यांदाच आम्ही दोघंच होतो.

मी खाटेजवळ बसले आणि सांगून टाकलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं ते, मैलभराचं, सांधा सरकण्याचं, सगळं. डोहापाशी सांगता आलं असतं तेही सांगितलं.

त्यानं पूर्ण ऐकून घेतलं. रस्त्यावरून ढोल-ताशे चालले होते. तो म्हणाला, "मग मी गेलो नसतो."

मला वाटलं होतं, तो म्हणेल की तरीही गेलो असतो. गेली अडीच वर्षं मी त्या एका वाक्यावर जगत होते.

"नसतो गेलो," तो पुन्हा म्हणाला, रागानं नाही, हिशेब तपासल्यासारखा. "डिलाईल रोडपर्यंत जाणंही बंद केलं असतं. नाक्यापर्यंत गेलो असतो, वाचनालयात बसलो असतो. कुठेतरी बैठी नोकरी मिळाली असती. मला तेवढंही पुरलं असतं गं."

मी त्याच्या पायावर हात ठेवला. त्यानं तो काढायला सांगितलं नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "तोंड धुवायला पाणी दे. गुलाल डोळ्यांत जातोय."

मी पाणी आणलं, त्याचं तोंड पुसलं. आई परतली तेव्हा तो झोपला होता, किंवा तसं दाखवत होता.

त्यानंतर तो सात वर्षं जगला. माझ्याशी कधी वाकडं बोलला नाही. तो विषय पुन्हा निघाला नाही, तेव्हा त्यानं मला माफ केलं की नाही हे मला माहीत नाही. माझ्याकडून चहा घ्यायचा, माझ्याकडून वर्तमानपत्र वाचून घ्यायचा. पण मी शाळेतून आले की पूर्वी विचारायचा, "आज काय पाहिलंस बाहेर?" ते विचारणं त्या दिवसापासून थांबलं. मला दोन स्थळं आली, मी नाही म्हटलं. घरातही कुणी आग्रह केला नाही.

तो गेला ती पावसाळ्यातली दुपार होती. बाबा आधीच गेले होते. आई त्याच्या उशाशी बसून केसांवरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "सुटलो माझो झील." शेजारच्या बायकाही तेच म्हणाल्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, मीही तेच म्हणेन म्हणून. मी त्याच्या डाव्या पायावरची चादर नीट केली.